पीतज्वराची तपासणी: लस न घेतलेल्या प्रवाशाच्या बाबतीत या चुका टाळा

2018 च्या सुरुवातीला ब्राझीलच्या इल्या ग्रांदे बेटावर गेलेल्या, लस न घेतलेल्या अनेक परदेशी पर्यटकांना पीतज्वर (यलो फीवर, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत डासांमुळे पसरणारा विषाणूजन्य ताप) झाला. असा रुग्ण आला की आधी विचारा, ताप कोणत्या दिवशी सुरू झाला? ही तारीख फॉर्मवर कोरी राहिली तर पुढचा कुठलाही रिपोर्ट नीट वाचता येत नाही.

कारण विषाणू रक्तात सुरुवातीच्या दिवसांतच भरपूर असतो. मग ताप उतरल्यासारखा वाटतो आणि साधारण 15 टक्के रुग्णांत कावीळ, रक्तस्राव घेऊन उलटतो. डोळे पिवळे दिसेपर्यंत विषाणू रक्तातून ओसरू लागलेला असतो. म्हणून आरटी-पीसीआर (रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे जनुकीय द्रव्य शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आली एवढ्यावर पीतज्वर नाकारू नका. पहिल्या 10 दिवसांत ती कराच, आणि पाचव्या दिवसापासून जोडीला आयजीएम एलायझा (संसर्गानंतर शरीर आधी बनवते ती आयजीएम प्रतिपिंडे शोधणारी चाचणी) लावा. त्याआधीची निगेटिव्ह आयजीएम काहीच सांगत नाही. नमुना पुन्हा घ्या.

उलट चूकही तितकीच घातक: आयजीएम पॉझिटिव्ह म्हणजे निदान झाले असे समजणे. डेंग्यू, झिका, वेस्ट नाईल, जपानी मेंदूज्वर यांच्या प्रतिपिंडांमुळेही ही चाचणी फसते. महाराष्ट्रातून आफ्रिकेत कामाला गेलेल्या माणसाला आधी डेंग्यू होऊन गेलेला असणे अगदी शक्य आहे. अशा वेळी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेले दोन नमुने एकाच वेळी पीआरएनटीला (प्रतिपिंडे नेमक्या कोणत्या विषाणूला निष्प्रभ करतात हे मोजणारी चाचणी) लावा, सोबत डेंग्यूसारखे जवळचे विषाणूही ठेवा. पीतज्वराच्या प्रतिपिंडांत चौपट वाढ दिसली तर निदान भक्कम.

‘लस घेतलेली नाही’ हे तोंडी उत्तर पुरेसे नाही, कार्ड बघा. निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतलेली लस आयजीएमही देते आणि काही दिवस रक्तात लसीतल्या जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूचा आरएनएही.

नमुन्याचे म्हणाल तर, पीसीआरसाठी हेपारिनची (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची) ट्यूब नको, ती अभिक्रिया अडवते. अख्खे रक्त गोठवले की पेशी फुटतात. आधी सीरम (रक्त साकळल्यावर वर उरणारा पातळ भाग) वेगळे करा. 48 तासांत पोहोचणार असेल तर 2 ते 8 अंशांवर, जास्त दिवस ठेवायचे तर उणे 70 वर.

मलेरियाची स्लाइड पॉझिटिव्ह आली म्हणून शोध थांबवू नका, दोन्ही एकत्र असू शकतात. यकृताच्या चाचणीत एएसटी हा एएलटीपेक्षा (दोन्ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी एन्झाइम्स) जास्त असेल तर संशय वाढवा. नेहमीच्या विषाणूजन्य काविळीत बहुधा उलटे दिसते. आणि जिवंत रुग्णाची यकृत बायोप्सी (सुईने यकृताचा तुकडा काढणे) कधीच नाही, रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो.

रिपोर्ट येईपर्यंत, किमान तापाच्या पहिल्या पाच दिवसांत, रुग्ण मच्छरदाणीत हवा. हा विषाणू पसरवणारा एडिस इजिप्ती डास आपल्याकडे घरोघरी आहे.