घरामागच्या उताराची पावसाळ्याआधी तपासणी कशी करावी

सातारा जिल्ह्यातील पाटण किंवा जावळी तालुक्यात डोंगरउताराला लागून घर असेल, तर पाहणी मे महिन्यातच आणि उताराच्या माथ्यापासून सुरू करावी. कोरड्या दिवसांत मातीच्या पोकळ्यांत हवा व थोडे पाणी असते. त्या पाण्याचा ताण कणांना एकमेकांकडे खेचून धरतो, म्हणूनच उभी कापलेली दरडही उन्हाळाभर तग धरते. पाऊस मुरू लागला की हा ताण घटतो, मातीचे वजन वाढते आणि खालच्या कातळावर पाणी अडले तर त्याचा दाब मातीची पकड सोडवतो. संततधारेनंतरची अतिवृष्टी त्यामुळेच घातक ठरते. पाटण तालुक्यातील आंबेघर व मीरगाव येथील दरडी जुलै २०२१ च्या अतिवृष्टीतच कोसळल्या.

माथ्यावर उताराला आडवी भेग दिसल्यास ती चिकणमातीने ठासून बुजवावी आणि तिच्या वरच्या बाजूने पक्क्या अस्तराचा चर काढून पाणी ओढ्यात सोडावे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ हे धोरण शिवारात योग्यच, पण घराच्या डोक्यावर समतल चर (पाणी अडवून जमिनीत मुरवणारे आडवे चर) खणणे म्हणजे संकटाला आमंत्रण होय. पायथा खणून अंगण वाढवू नये.

पावसात नवा झरा फुटला, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले किंवा भेग रुंदावली, तर दुरुस्तीच्या मागे न लागता घर तत्काळ सोडावे व तहसील कार्यालयास कळवावे.