मानेवाड्यात बसून मिसूरीची वंशावळ

तीस वर्षं तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये गठ्ठे सोडले आणि बांधले. कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल मागायला कुणी आलं, की माझा पहिला प्रश्न ठरलेला: गाव तेव्हा कोणत्या तहसिलीत होतं? पुतणीचा नवरा अमेरिकेतला, मिसूरी राज्यातल्या वर्थ काउंटीचा. "काका, आमच्या खापरपणजोबांचं काही सापडतं का बघा," म्हणाला, आणि नेमका हाच प्रश्न मी स्वतःला विचारायचा विसरलो. पंधरा दिवस पाण्यात.

काउंटी म्हणजे आपला छोटा जिल्हा समजा. जमिनीची खतं, लग्नाच्या नोंदी, मृत्युपत्रं बहुतेक तिच्याच कचेरीत. वर्थ 1861 मध्ये जेंट्री काउंटीतून निघाली, जशी आपल्याकडे 1999 मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया. 1860 च्या जनगणनेत हे कुटुंब जेंट्रीत दिसलं, 1870 मध्ये वर्थमध्ये. मी वहीत लिहून टाकलं, 'स्थलांतर'. अन् बापा, माणसं त्याच वावरात होती, हद्द तेवढी सरकली होती! तेव्हा आधी काउंटी कधी आणि कशातून फुटली ते लिहून घ्या, नावाचं नंतर पाहू.

मग अलीकडून मागे जा. तिथली जनगणना 72 वर्षांनी खुली होते. 1950 ची 2022 मध्ये झाली. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या वेबसाइटवर खातं उघडलं की फुकटात पाहता येते. 1890 चे बहुतेक कागद 1921 च्या आगीनंतर गेले, तिथे थेट 1880 वरून 1900 वर उडी मारायची. कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायला 1880 पासून सुरुवात झाली. त्याआधीच्या यादीत घरातलं पोरगं मुलगा की पुतण्या, हे वयावरून ताडायचं. 1850 च्या मागे तर घरच्या कर्त्याचंच नाव, बाकी नुसते आकडे.

आडनावाला चिकटून बसू नका. आपण 'मायर' एकाच तऱ्हेनं लिहू. रोमनमध्ये त्याच्या चार तऱ्हा होतात, आणि गणनावाल्यानं कानाला आलं तसं टिपलं.

मला सगळ्यात आवडलं ते मृत्यू प्रमाणपत्र. मिसूरी राज्यानं 1910 पासूनची, 50 वर्षं उलटलेली प्रमाणपत्रं फुकट पाहायला ठेवली आहेत. आपल्या कोतवाल बुकात कित्येकदा 'अमक्यास मुलगी झाली' एवढंच, पोरीला नावही नाही. इथे मेलेल्याच्या बापाचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, असे रकाने. फक्त माहिती कुणी दिली तो रकाना आधी वाचा. मृत्यूची तारीख पक्की धरा. पण सासूच्या आईचं माहेर जावयानं सांगितलेलं असलं, तर ते पेन्सिलीनंच उतरवा.

खरेदीखताला दोन सूच्या असतात, विकणाऱ्याची आणि घेणाऱ्याची. दोन्ही पाहा. जुन्या खतात विकणाऱ्याच्या बायकोचंही नाव बहुधा सापडतं, कारण जमिनीत तिचा हक्क असे आणि तो तिला सोडावा लागे. सूचीतून पुस्तक आणि पान क्रमांक काढा, मगच कचेरीला ईमेल करा: एक माणूस, एक साल, एक पान. आख्खी वंशावळ मागणाऱ्यांचे अर्ज मी स्वतः गठ्ठ्याखाली सरकवत असे, तिथला कारकून काही वेगळा नसावा. फोन करायचा तर उन्हाळ्यात आपले संध्याकाळी साडेसात म्हणजे त्यांचे सकाळी नऊ. आणि खत 1861 च्या आधीचं असेल, तर वर्थच्या ग्रँट सिटीतल्या कचेरीला नव्हे, जेंट्रीच्या ऑल्बनीतल्या कचेरीला विचारा.