ओपन फील्डचे आकडे जुळत नव्हते, शेवटी असे जुळवले

संभाजीनगरला आमच्या लॅबमध्ये म्युटंट, म्हणजे एक जीन बदललेल्या उंदरांची ओपन फील्ड टेस्ट चालू होती (उंदीर मोकळ्या डब्यात सोडायचा अन् तो मधोमध फिरतो का घाबरून भिंतीला चिकटतो ते बघायचं), अन् एका बॅचमध्ये म्युटंट लै घाबरट तर पुढच्या बॅचमध्ये एकदम नॉर्मल. सगळे म्हणायले जीनचा इफेक्टच हलका असंल, मला काही पटेना, म्हणून कंट्रोल, म्हणजे जीन न बदललेल्या नॉर्मल उंदरांचे जुने आकडे काढले तर तेच बॅचगणिक हलायलेत! मग जीनला दोष कसा देणार?

म्हटलं खोलीतच काही बदलत असंल, म्हणून लक्स मीटर (उजेड मोजायचं यंत्र) डब्याच्या मधोमध धरला. सकाळी एक उजेड, दुपारी खिडकीतून ऊन आलं की दुसराच, लाइट जाऊन इन्व्हर्टरवर गेलं की तिसरा, वरून कुलरचा आवाज. खिडकीला काळं कापड लावलं, 150 लक्स ठरवला, कुलर टेस्टपुरता बंद, लाइट गेली की त्या दिवशीची टेस्ट रद्द. उंदरं अर्धा तास आधी खोलीत आणायची, दर उंदरानंतर डबा 70 टक्के अल्कोहोलनं पुसायचा, अन् शेपटीला धरून उचलणं बंद, प्लास्टिकच्या नळीतूनच न्यायचं. शेपटीनं उचललेला उंदीर जास्त घाबरतो हे 2010 मध्येच छापून आलंय.

तरी एक सांगतो, 1999 मध्ये क्रॅब नावाच्या संशोधकानं अन् सोबत्यांनी तीन लॅबमध्ये सगळं सारखं ठेवूनही काही टेस्टचे निकाल वेगळे आले होते. म्हणून म्युटंट अन् त्याच विणीतले नॉर्मल भाऊ एकाच दिवशी घ्या, पिंजऱ्यावर फक्त कोड टाका, म्हणजे म्युटंट कोणता ते टेस्ट घेणाऱ्याला कळत नाही. आमचे कंट्रोल आता बॅचगणिक जवळजवळ यायलेत, माद्यांची टेस्ट अजून राहिलीय.