ओल धरणारे खुराडे कसे सुधारले

पेडण्याच्या आमच्या परसातील कोंबडीच्या बारा पिल्लांपैकी चार पिल्ले गेल्या पावसाळ्यात, वयाच्या चौथ्या आठवड्यात दगावली, आणि विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्यकांनी ओलसर तुसात बळावणाऱ्या कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या परजीवी रोगाचे निदान करून पाण्यातून औषध द्यायला लावले. औषधाने उरलेली पिल्ले वाचली. पण मूळ दोष खुराडे म्हणून वापरलेल्या, जमिनीला टेकलेल्या पेटीत होता, कारण ती खालून सतत ओल धरत असे.

विकतचे खुराडे परवडत नव्हते, म्हणून घरकामातून उरलेल्या चिऱ्यांचे दोन थर रचून त्यांवर जुन्या खिडक्यांच्या चौकटी बसवल्या आणि अर्ध्या इंचाची जाळी ठोकली. जाळीवर काटकसर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मोठ्या भोकांतून मुंगसाचा पंजा सहज आत येतो. आता तूस मुठीत दाबले तरी त्याचा गोळा होत नाही.