आधी समई शांत करा, मग पाना काढा

मार्च लागला की कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत सगळ्यांना एकाच दिवशी साक्षात्कार होतो की आपला एसी गार करंना झालाय, आणि मग आम्हा एसी मेकॅनिकांचा फोन जेवतानाबी थांबत नाही. दिवसाला सात-आठ कॉल, हेल्पर नवा, डोकं तापलेलं आणि हात आपोआप चालतात. हे आपोआप चालणारे हातच घोटाळा करतात. आमची पिढी आर-२२ या जुन्या एसीतल्या गॅसवर शिकली, तो पेटायचा नाही, त्यामुळं नट ढिला करून फुस्स करून सोडून द्या, तोंडात सिगरेट धरून टॉर्च (पाइप जोडायची ज्योत) मारा, सगळं खपून गेलं. आता इन्व्हर्टर स्प्लिटमध्ये बहुतेक आर-३२ असतो आणि काही मशिनमध्ये आर-२९०, म्हणजे सरळ प्रोपेन. गोदरेजनं २०१२ लाच प्रोपेनचे स्प्लिट भारतात आणले, म्हणजे ही काय कालची गोष्ट नव्हे, पण हात अजून जुन्याच सवयीनं चालायलेत.

पहिलं काम, आउटडोअरची नेमप्लेट वाचायची. गॅस कुठला, किती ग्राम, ज्वाळेचं चिन्ह आहे का. प्लेट पुसट झाली असेल तर इनडोअरची बघा, तीबी गेली असेल तर मॉडेल नंबर काढून खात्री करा, अंदाजानं गेज (दाब मोजायचं मीटर) जोडू नका.

आता एक हिशोब, कारण "एवढ्याशा गॅसनं काय होतंय" हे वाक्य मी रोज ऐकतो. प्रोपेन हवेत २.१ टक्के मिसळला की पेटायला तयार, वजनात बोलायचं तर घनमीटरला ३८ ग्राम. दहा बाय दहाच्या खोलीत ३०० ग्राम सुटला आणि खोलीभर एकसारखा पसरला तर पेटणार नाही, बरोबर आहे. पण प्रोपेन हवेच्या दीडपट जड, तो फरशीवर पाण्यासारखा साचतो, आणि तेवढ्याच ३०० ग्रामात फरशीपासून पावणेतीन फुटांपर्यंतचा थर पेटण्याजोगा होऊ शकतो. म्हणजे स्टुलावर उभारून काम करणारा तुम्ही वर सुरक्षित आणि खाली खेळणारं पोरगं त्या थरात. आर-३२ ला घनमीटरला ३०७ ग्राम लागतात, ८०० ग्राम सुटला तरी थर फूटभराच्या आतच, शिवाय स्विचच्या साध्या ठिणगीनं तो सहसा पेटत नाही, उघडी ज्योत किंवा तसलंच काही जोरकस लागतं. प्रोपेनला मात्र स्विचची ठिणगी पुरून उरते. म्हणून प्रोपेन ए३ म्हणजे सहज पेटणाऱ्या गटात आणि आर-३२ ए२एल म्हणजे कमी पेटणाऱ्या गटात. पण आर-३२ ला हलकं समजू नका, तो जळला की हायड्रोजन फ्लोराइडचा धूर होतो, डोळं आणि घसा धरला की सामान तिथंच टाकून बाहेर पळायचं.

आणि उघडी ज्योत आपल्याकडं घराघरात फरशीवरच असते की. रुईकर कॉलनीत एका फ्लॅटमध्ये प्रोपेनच्या मशिनची इनडोअर कॉइल लिक होती. खिडक्या उघडल्या, एमसीबी पाडला, किचनमधला गॅस बंद करायला सांगितला, सगळं पुस्तकाप्रमाणं. राहिलेला गॅस काढायच्या आधीच घाईत फ्लेअर नट (पाइपच्या पसरट केलेल्या तोंडावरचा नट) दीड आटा ढिला केला, ती चूक माझीच, बारीक फुस्स सुरू झालं, आणि मागं काडेपेटी खुळखुळली. बघतो तर आज्जी देवघरासमोर बसलेल्या, समईत तेल घालून झालेलं, हातात काडी. "आज्जी थांबा!" असा ओरडलो की खालच्या मजल्यावरचं माणूस बाहेर आलं. नट आवळला, आज्जींना गॅलरीत नेलं. त्या म्हणाल्या, "दिवेलागणीला दिवा लावू नको म्हणतोस व्हय रं?" तवापासून घरात पाऊल टाकलं की पाण्याच्या आधी देवघर विचारतो. दिवा विझवा म्हणायचं नाही, माणसं नाराज होतात, समई शांत करा म्हणायचं. उदबत्ती, धूप, किचनचा बर्नर, गीझरचा पायलट, सगळं त्यातच आलं.

लाईटचं एक नीट समजून घ्या. गॅस सुटायच्या आधी एसीचा एमसीबी पाडायचा, फ्रीजचा प्लग काढायचा, कारण फ्रीजचा थर्मोस्टॅट आपला आपण टक् करतो आणि ती ठिणगीच असते. पण आत गेल्यावर कळलं की गॅस आधीच सुटलाय, तर त्या खोलीतल्या कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही, पंखा चालू करायचा नाही, पंखा चालू असेल तर बंदबी करायचा नाही. खोली रिकामी करा आणि बाहेरच्या मीटरपासनं मेन पाडा. दाराची बेलबी वाजवू नका, आमच्या एका पोरानं हेच केलं होतं, नशीब चांगलं म्हणून नुसत्या शिव्यांवर भागलं.

हवा खेळती पाहिजे, आणि खालून. वरचा एक्झॉस्ट असल्या जड गॅसला फारसा कामाचा नाही, दार सताड उघडं आणि गॅलरीच्या दिशेनं फरशीवर टेबलफॅन, त्याचा प्लग खोलीबाहेरच्या सॉकेटला, आणि तो गॅस उघडायच्या आधीच चालू केलेला. मशिनभोवती दोन मीटरात आपल्याशिवाय कोणी नको. ज्वालाग्राही गॅसचा डिटेक्टर फरशीजवळ ठेवा, गुडघ्याच्या खाली, छातीवर लटकवून उपयोग नाही. आग विझवायचा कोरड्या पावडरचा सिलिंडर हाताशी, गाडीत नव्हे. गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, वरच्या मजल्यावर बिनखिडकीच्या केबिन असतात आणि पलीकडच्या खोलीत सोनाराचा बर्नर चालू, तिथं मी दुकान बंद झाल्यावरच जातो, मालक कितीबी घाई करू दे.

लिकेज शोधायला भांड्याच्या साबणाचा फेस सगळ्यात भारी. ज्वाळेवर लिकेज बघायची जुनी टॉर्च कुणाकडं असेल तर भंगारात घाला. आणि "वास येत नाही म्हणजे लिक नाही" हे गिऱ्हाईकाचं म्हणणं मान्य करू नका, स्वयंपाकाच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो, एसीतल्या प्रोपेनला नसतो. त्यावरून आठवलं, स्वयंपाकाच्या सिलिंडरमधनं एसी भरणारे महाभाग आहेत. त्यात ब्युटेन असतो, ओलावा असतो, प्रेशर जुळत नाही. तसंच आर-२२ च्या मशिनमध्ये प्रोपेन भरणं, गार करतो म्हणून लोक भरतात, पण त्या मशिनचे रिले आणि स्विच ठिणगी उडाली तरी चालेल अशा हिशोबानं बसवलेले असतात. हे काम मी घेत नाही.

गॅस काढताना आर-३२ हवेत सोडायचा नाही, रिकव्हरी मशिननं सिलिंडरमध्ये ओढून काढायचा, एक किलो सोडला तर ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्याइतकी तापमानवाढ होते. रिकव्हरी मशिन पेटणाऱ्या गॅससाठीचीच पाहिजे आणि सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नाही. प्रोपेन थोडासा असेल तर लांब होजनं उघड्यावर, वारा जिकडं वाहून नेतो त्या बाजूला, हळूहळू सोडतात, पण बोळातल्या गटारात, चेंबरजवळ किंवा तळघराच्या तोंडाला नव्हे, तिथं तो जाऊन बसतो. हातमोजे आणि गॉगल पाहिजेतच, प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो आणि आर-३२ उणे ५२ च्या आसपास, बोटावर पडला तर कातडी जाते.

पंपडाउन, म्हणजे मशिन चालवून सगळा गॅस आउटडोअरमध्ये गोळा करणं, त्याबद्दल लई जणांना माहीत नाही. लिक असलेल्या मशिनचं पंपडाउन करायचं नाही. सक्शन म्हणजे गॅस ओढणाऱ्या बाजूनं हवा आत ओढली जाते, कॉम्प्रेसरमध्ये हवा, तेल आणि गॅस एकत्र दाबले जातात, डिझेल इंजिनसारखं आत पेटतं आणि कॉम्प्रेसर बॉम्बसारखा फुटतो. मशिन घट्ट असेल तरच पंपडाउन, गेज शून्याजवळ आला की सक्शन व्हॉल्व्ह बंद आणि लगेच मशिन बंद. कॉम्प्रेसर चालू असताना पाइप कधीच सोडायचा नाही.

टॉर्च मारायची वेळ आली तर गॅस काढा, नायट्रोजन फिरवा, वॅक्यूम करा, परत नायट्रोजन फिरवा. पाइप टॉर्चनं सोडवू नका, कटरनं कापा, कारण कॉम्प्रेसरच्या तेलात प्रोपेन विरघळलेला राहतो आणि गरम झाला की बाहेर येतो. मग कापलेल्या तोंडाशी डिटेक्टर धरा, गप्प असला तरच टॉर्च पेटवा, आणि टॉर्च मारताना आतून नायट्रोजन बारीक चालू ठेवा, म्हणजे काळी पापुद्रीबी धरत नाही. नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन कधीच नाही, उद्यमनगरात वेल्डिंगवाल्याकडं सहज मिळतो म्हणून नाही, तेलाला लागला की स्फोट. प्रेशर टेस्ट प्लेटवरच्या दाबाइतकीच, वीस-पंचवीस मिनिटं काटा हलतोय का बघायचं. शक्य तिथं घरातला जोड काढूच नका, आणि काढलाच तर फ्लेअर नवा मारा, जुन्या फ्लेअरवर दोरा गुंडाळून भागवू नका.

वॅक्यूम ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे आत उरलेल्या दाबाचं माप), पंप खोलीबाहेर, त्याचं बटण कायम चालू ठेवून दूरच्या सॉकेटवरनं चालू-बंद करायचा. मग वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून प्लेटवरचे ग्राम मोजूनच भरायचं, पाइप लांब असेल तर मीटरला जेवढे जादा सांगितलेत तेवढेच. सक्शनच्या गेजचा काटा बघून अंदाजानं टॉपअप आर-२२ ला चालायचा. इथं ग्राम वाढले की खोलीचा हिशोबच बदलतो, कारण खोली किमान केवढी पाहिजे हे मशिनमधल्या ग्रामावरच ठरतं. आणि लिक न काढता भरलेला गॅस पुढच्या आठवड्यात त्याच फरशीवर.

शेवटी इलेक्ट्रिकच्या डब्याची झाकणं, रबर, स्क्रू जसे होते तसे सगळे बसवायचे, चार स्क्रूतला एक खिशात घेऊन घरी जायचं नाही. कपॅसिटर, रिले बदलला असेल तर त्या मशिनला सांगितलेलाच. आणि आउटडोअरच्या पॅनलच्या आतल्या बाजूला स्टिकर, तारीख, गॅस, किती ग्राम भरला, कुठला जोड नवा केला. पुढच्या मार्चला तो पॅनल उघडणारा बहुतेक मीच असतो, आणि गेल्या वर्षी काय केलं होतं ते मला तर काय आठवत नाही.