दयाळची मादी गाते का, हे कसं बघायचं

पक्षी गाताना दिसला की आपण न बघताच वहीत "नर" लिहून टाकतो, घोळ तिथेच होतो. 2014 मध्ये पक्षी संशोधक कॅरन ओडम आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या गायक पक्ष्यांच्या 323 जाती तपासल्या तर 71 टक्के जातींत माद्यापण गात होत्या.

सुरुवात दयाळपासूनच करा. नर काळा कुळकुळीत, मादी त्याच जागी राखाडी, त्यामुळे दुर्बीण नसली तरी चालतं. बुलबुल, वटवट्या नको, त्यांच्यात नर-मादी सारखेच दिसतात. मात्र छातीवर तपकिरी खवल्यासारखी नक्षी दिसली तर ते पिल्लू आहे, मादी म्हणून धरू नका.

मार्च ते जुलै, उजाडायच्या सुमारास. नर अँटेनावर बसून तासभर गळा काढतो आणि सगळे तेवढंच ऐकून चहाला जातात. मादीचं गाणं छोटं, तेही बरेचदा नर जवळ असताना, म्हणून नर गप्प झाला तरी थांबा आणि खालच्या फांद्यांवर नजर ठेवा. नुसता खर्रर्र आवाज म्हणजे धमकी, तो गाण्यात धरू नका, शीळ हवी, चढउतार असलेली.

मोबाईलवर ऑडिओपेक्षा व्हिडिओ घ्या, हलला तरी चालेल, कारण आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप जात सांगतं, नर की मादी ते नाही सांगत. शेवटी स्वतःच बोलून ठेवा, "मादी, नर शेजारच्या आंब्यावर, दुसरी मादी आली" असं.

ती का गाते याचा अंदाज आधी कोण होतं आणि नंतर काय झालं यावरून येतो. दुसऱ्या मादीवर धावून गेली तर बहुतेक हद्दीचं भांडण, युरोपातल्या रॉबिनच्या माद्या तर हिवाळ्यात स्वतंत्र हद्द धरून गातात. नराने लगेच उत्तर दिलं तर जोडीतला संवाद असू शकतो. अल्पाइन ॲक्सेंटर या डोंगराळ भागातल्या पक्ष्याच्या माद्या नराला बोलवायला गातात असं संशोधक नाओमी लँगमोर यांना दिसलं होतं. पण एकदा बघून निष्कर्ष काढू नका हां.

रेकॉर्डिंग वाजवून तिला भडकवायचं अजिबात नाही, घरट्याजवळ तर नाहीच. ऑस्ट्रेलियातल्या फेअरी-रेन या छोट्या पक्ष्यांमध्ये घरट्याजवळ जास्त गाणाऱ्या माद्यांची घरटी शिकारी प्राणी-पक्ष्यांनी जास्त लुटली, गाणं फुकट नसतं तिला.

क्लिप झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवर टाका, तिथे नर-मादी नोंदवता येतं. चोच हलताना स्वतः पाहिली असेल तरच मादी लिहा, नाहीतर ती जागा रिकामी सोडा.