माजी सैनिकांसाठी कागदी बिल्ल्याचं आभारपत्र

ए-फोर आकाराच्या साध्या 80 जीएसएम कागदाच्या लांबीतून 4 सेंमी रुंदीच्या 2 पट्ट्या कापा. 1 सेंमीच्या पंख्यासारख्या घड्या घाला, दोन्ही पट्ट्या जोडून कडं करा. आता कडं वरून दाबलं की साधारण 8 सेंमीचं फूल उघडतं आणि हात काढताच उसळून मिटतं! म्हणून मागे 3 सेंमीची पुठ्ठ्याची चकती घट्ट फेविकॉलने चिकटवा, वर जाड पुस्तक अर्धा तास ठेवा. पातळ गोंद नको, घड्या भिजून सैल पडतात. पट्टी आखूड असेल तर फूल सपाट बसतच नाही.

खऱ्या पदकाची नक्कल टाळा. ते कमवावं लागतं. बिल्ला जाड कार्डावर लावा. मजकूर चिकटवण्याआधीच लिहा, नंतर हात अडतो. नाव आणि हुद्दा मात्र विचारूनच घाला.